आप्तांस नाव द्यावी काय?

परांडे तालुक्यातील सोनारी हे काळभैरवनाथाचे गाव. चैत्रात तेथे यात्रा भरते. पूर्वी त्या दिवसांत घरोघरची बैलगाडी पाहुण्यासोयऱ्यांच्या कामी फिरत असे. गावात जन्मलेल्या माणसास "नाव उसनी द्यावी काय?" असे कोणी विचारले, तर तो प्रथम हसेल, कारण सोनारीच्या शिवारात नाव नाही. सीना नदी आहे, पण उन्हाळ्यात तिच्या पात्रातून गुरे चालत पलीकडे जात. गाडी उसनी द्यावी काय, बैल द्यावा काय, असा प्रश्न केल्यास मात्र तो तत्काळ उत्तर देईल. सावड ही ह्या भागातील जुनी रीत आहे. एकाचा एक बैल, शेजाऱ्याचा एक, अशी जोडी जमवून दोघांचीही रानें नांगरावयाची. परंतु सावडीत बैल दिला म्हणजे त्याचा धनीही मागोमाग जातो. खांदा सुजला काय, पाणी पाजले काय, दुपारी सोडला काय, हे तो स्वतः पाहतो. बैल द्यावा, पण कासरा देऊ नये, असा त्या रिवाजातला मथितार्थ आहे.

नावेचा प्रश्न बैलाहून अवघड आहे. बैल थकला तर बसतो, आणि बसलेला दिसतो. नाव थकल्याचे दिसत नाही. लाकडी नावेच्या फळ्यांमधील फटी कापूस, तेल आणि राळ ह्यांनी बुजविलेल्या असतात. खडकावर एकदा घासली, वाजवीहून अधिक भरली, की त्या फटी आतल्या आत सैल होतात, आणि त्याचा परिणाम पुढच्या फेरीस, कदाचित मूळ धन्याच्याच मुलांस, भोगावा लागतो. शिवाय नाव एकदा काठापासून सुटली, की धनी काठावर आणि संकट पाण्यात. सोनारीकरांसही हे आता परके राहिलेले नाही. १९८० मध्ये उजनीचे धरण पुरे झाले, भीमेचे पाणी करमाळे-इंदापूरच्या शिवारांवर पसरले, आणि जेथे पूर्वी पायवाटा होत्या तेथे होड्या चालू लागल्या. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी नाव वादळी वाऱ्याने ह्याच पाण्यात उलटली, आणि सहा जीव गेले.

परांड्याच्या किल्ल्याशी संबंध आलेल्या एका पुरुषाची नावेसंबंधी एक कथा प्रसिद्ध आहे. विजापूरच्या बुरुजावर आज जी 'मलिक-ए-मैदान' तोफ दिसते, ती १५४९ मध्ये अहमदनगरास ओतलेली. निजामशाही मोडकळीस आली तेव्हा ती परांड्याच्या किल्ल्यात होती, आणि १६३२ मध्ये आदिलशाहीचा मुत्सद्दी मुरार जगदेव ह्याने ती तेथून विजापुरास नेली. तिच्या जोडीची दुसरी एक तोफ वाटेत नदी उतरताना बुडाली, अशी दंतकथा आहे. ह्याच मुरारपंताने पुढच्या वर्षी, म्हणजे १६३३ मध्ये, भीमा-इंद्रायणीच्या संगमावर तुळादान केले, आणि त्यावरून त्या गावास तुळापूर म्हणू लागले. हत्तीच्या भारंभार दान करण्याचे त्याच्या मनात आले. पण हत्ती तोलावा कोणत्या तराजूत? तेव्हा शहाजीराजांनी युक्ती सांगितली असे म्हणतात. हत्ती नावेत चढविला, नाव पाण्यात किती बुडाली तेथे खूण केली, मग हत्ती उतरवून त्या खुणेपर्यंत दगड भरले, आणि ते दगड तोलले. कथा सांगणारा मुरारपंताचे औदार्य सांगतो, शहाजीराजांचे चातुर्य सांगतो. ज्याची नाव होती त्याच्याविषयी मात्र कथा एक अक्षर बोलत नाही. हत्तीसारखे जनावर नावेत चढताना आणि उतरताना तिच्या सांध्यांची काय गत झाली असेल, हे त्या बिचाऱ्यासच ठाऊक. उसन्या दिलेल्या नावेच्या धन्याची इतिहासात बहुधा हीच अवस्था होते.

तथापि कोकणच्या किनाऱ्यावर ह्या प्रश्नाचा विचार पिढ्यान्‌पिढ्या झालेला आहे. मासेमारीस निघालेल्या होडीची मासळी वाटली जाते तेव्हा वल्हे मारणाऱ्या प्रत्येक गड्यास जसा वाटा मिळतो, तसा होडीचाही वेगळा वाटा काढतात आणि जाळ्याचाही काढतात. होडी सख्ख्या भावाची असली तरी तिचा वाटा चुकत नाही. परक्यास हे कठोर वाटेल. पण पावसाळ्याआधी होडी ओढून वर घ्यावी लागते, शाकारावी लागते, तेल पाजावे लागते, आणि नारळी पौर्णिमेस ती पुन्हा पाण्यात जाण्याजोगी असावी लागते. हा खर्च नात्यागोत्याकडे पाहत नाही. देशावरील नदीकाठच्या पुष्कळ गावी दुसरी रीत होती. नावाड्यास फेरीगणिक दाम न देता सुगीला धान्य देत. सारे गाव नाव वापरी. परंतु बांबू नावाड्याच्या हाती राही. रीती दोन, पण दोहोंतही सुकाणू धन्याकडेच.

परकीय सत्ताही हा नियम जाणून होत्या. १६६५ च्या फेब्रुवारीत शिवाजी महाराजांनी मालवणहून आरमार घेऊन बसरूरवर स्वारी केली, आणि परतताना ते कारवारकडे वळले. तेथील इंग्रज वखारवाले घाबरून गेले. खाडीत मस्कतच्या इमामाचे एक लहान जहाज उभे होते. इंग्रजांनी आपली रोकड आणि जिनसा त्यावर चढविल्या. त्या जहाजाच्या कप्तानाने ते त्यांच्या स्वाधीन केले नाही. तो स्वतः जहाजावर राहिला आणि आपण जिवात जीव असेपर्यंत ते राखू, असे वचन त्याने दिले. शेवटी शहरावर खंडणी बसली आणि इंग्रजांच्या वाट्यास ११२ पौंड आले. त्यांचा माल मात्र मित्राच्या नावेत सुरक्षित राहिला. नाव उसनी द्यावयाची ती अशी.

मराठ्यांच्या घरात ही गोष्ट कशी बिघडली, हा खरा शोचनीय भाग आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग मानले आहे. त्यासाठी रयतेची आंब्या-फणसाची झाडेसुद्धा जबरीने तोडू नयेत, धन्यास राजी करून व मोल देऊन घ्यावीत, असा त्यात कटाक्ष आहे. म्हणजे फळी होण्यापूर्वीच लाकडाच्या धन्याचा विचार करणारे हे राज्य. परंतु पुढे आरमार आंग्र्यांच्या हाती आणि फौज पेशव्यांच्या हाती अशी विभागणी झाली. समुद्रावर काही करावयाचे तर पेशव्यास आंग्र्यांच्या नावा हव्यात, आणि जमिनीवर अडचण आली तर आंग्र्यांस पेशव्याचे घोडे हवेत. कान्होजी आंग्रे होता तोपर्यंत हा व्यवहार चालला. तो १७२९ मध्ये वारला.

१७३३ मध्ये थोरल्या बाजीरावाने जंजिऱ्याच्या सिद्दीवर मोहीम धरली. पाण्यातील किल्ला आरमारावाचून घेणे नाही, आणि आरमार कान्होजीचा वडील पुत्र सेखोजी ह्याचे. पावसाळा तोंडावर आलेला, दोघांमध्ये पुरता विश्वास नाही, अशा स्थितीत काम रखडले. ऑगस्टात सेखोजी वारला. त्याच्या मागे संभाजी आणि मानाजी ह्या भावांत वाटणीचा तंटा उभा राहिला, आणि डिसेंबरात बाजीरावास सिद्दीशी तह करावा लागला. जंजिरा मराठ्यांच्या हाती कधीच आला नाही. नावा घरात होत्या. त्या योग्य वेळी, योग्य ठिकाणी, एका हुकमाखाली मिळाल्या नाहीत इतकेच.

आणि येथून पुढे जे घडले, ते आप्तास नाव नाकारणाऱ्या प्रत्येकाने लक्षात घेण्यासारखे आहे. भावाने झिडकारलेला माणूस काठावर स्वस्थ बसत नाही. तो शेजारच्या घाटावर जातो. मानाजी पोर्तुगीजांकडे गेला. त्यांच्या साह्याने त्याने कुलाबा मिळविला. पोर्तुगीजांनी मोबदल्याची जमीन मागितली तेव्हा त्याने ती दिली नाही, आणि मग तेच पोर्तुगीज संभाजीच्या बाजूस गेले. मानाजीने पेशव्याचा आश्रय केला. पेशव्याने साह्य केले, पण त्यापोटी राजमाची आणि कोथळा हे दोन किल्ले त्याला मिळाले. १७३५ मध्ये मानाजीस 'वजारतमाब' हा किताब देऊन कुलाब्यास, आणि संभाजीस 'सरखेल' म्हणून सुवर्णदुर्गास, अशी वाटणी झाली. बापाची एक नाव दोघां भावांनी मधोमध कापून घेतली म्हणजे ज्या दोन वस्तू उरतात, त्यांना नाव म्हणावयाचे की सरपण, हे श्रोत्यांनीच ठरवावे.

१७४० मध्ये संभाजीने कुलाब्यास वेढा दिला. मानाजीने नानासाहेबाकडे धाव घेतली. नानासाहेबाने फौज तर पाठविलीच, पण मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरासही लिहिले, आणि इंग्रजांची जहाजे कुलाब्याच्या मदतीस आली. संभाजीस सुवर्णदुर्गाकडे हटावे लागले, आणि त्याचा धाकटा भाऊ तुळाजी ह्या प्रसंगात पकडला गेला. पुढे तो सुटला. घरच्या भांडणात इंग्रजांची नाव मागावयाची आणि ती मिळते, हा धडा मात्र नानासाहेब ह्या वेळी शिकला. तो अठरा-वीस वर्षांचा होता. त्या वयात शिकलेली गोष्ट माणूस सहसा विसरत नाही.

संभाजी वारल्यावर १७४३ मध्ये शाहू महाराजांनी सरखेली तुळाजीस दिली. तुळाजी हा कर्तृत्ववान आणि तितकाच उद्दाम पुरुष. १७४५ मध्ये त्याने सिद्दीकडून अंजनवेल घेतले. १७५४ मध्ये त्याने डचांच्या मोठ्या जहाजांचा समुद्रात फडशा पाडला. इंग्रजांचे 'रिस्टोरेशन' नावाचे जहाज त्याने पकडून आपल्या आरमारात घातले होते. परंतु शाहूच्या पश्चात तो पेशव्यास जुमानीनासा झाला, शेजारच्या मराठी मुलखासही उपद्रव देऊ लागला. त्याला आवरणे पेशव्यास प्राप्त होते, ह्याविषयी शंका नाही. शंका आहे ती साधनाविषयी. मानाजीचे आरमार होते. वसई घेतल्यापासून पेशव्याचेही थोडेबहुत आरमार उभे राहत होते. ती वाढविण्यास वर्षे लागली असती. उसनी नाव तयार उभी होती.

१९ मार्च १७५५ रोजी पेशव्याच्या वतीने रामाजी महादेव आणि मुंबईचा गव्हर्नर रिचर्ड बोर्शिये ह्यांच्यात करार झाला. त्याची कलमे आज वाचताना सावडीचा रिवाज आठवल्यावाचून राहत नाही. सारे आरमार, म्हणजे मराठ्यांच्या नावासुद्धा, इंग्रजांच्या हुकमात चालावे. तुळाजीची जी जहाजे हाती येतील ती दोघांनी निमेनिम घ्यावी. किल्ल्यांतील तोफा, दारूगोळा आणि द्रव्य पेशव्यास मिळावे. बाणकोट आणि हिंमतगड काही गावांसह इंग्रजांस द्यावे. देणाऱ्याने काय केले, हे पाहावे. त्याने नाव दिली आणि तिजबरोबर आपला तांडेलही दिला. एवढेच नव्हे, तर मागणाऱ्याच्या स्वतःच्या नावेवरही तोच तांडेल नेमला. उसने देण्याचे शास्त्र इंग्रज पुरते जाणत होते. ज्याने मागितले, तो मात्र उसने घेण्याचे शास्त्र जाणत नव्हता.

कमोडोर जेम्स 'प्रोटेक्टर' ह्या ४४ तोफांच्या जहाजासह निघाला, आणि एप्रिलात सुवर्णदुर्ग पडला. मराठ्यांच्या नावा मागे रेंगाळत होत्या, अशी तक्रार इंग्रज लेखकांनी केली आहे. आपल्याच घराच्या तटावर परक्याच्या हुकमाने गोळे टाकावयास निघालेल्या खलाशांचे हात जड झाले असतील, तर त्यात नवल नाही. ठरल्याप्रमाणे सुवर्णदुर्ग पेशव्यांच्या हाती आला. येथवर सौदा बरा दिसला, आणि म्हणूनच तो पुढे चालू ठेवण्याची बुद्धी झाली.

उरला विजयदुर्ग. १७५६ च्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. ते मुळात निराळ्याच कामासाठी मुंबईस आले होते. फ्रेंचांविरुद्ध दक्षिणेत मोहीम करावयाची होती, ती रहित झाली, आणि एवढे सैन्य व एवढी जहाजे रिकामी बसली. म्हणजे पेशव्याने मागितली होती होडी, आणि दारात आले ते विलायतच्या राजाचे युद्ध-आरमार. निघण्यापूर्वीच मुंबईस बसून त्या लोकांनी लुटीची वाटणी आपसांत ठरवून टाकली, आणि तीत मराठ्यांचा वाटा धरला नव्हता. इकडे जमिनीवरून मराठ्यांची फौज आली होती. तुळाजी स्वतः किल्ल्यातून बाहेर पडून मराठ्यांच्या छावणीत बोलणे लावण्यास आला होता. चार दिवस अधिक मिळते तर कदाचित घरातली गोष्ट घरात मिटती. परंतु उसन्या नावेस वाट पाहणे माहीत नव्हते.

१२ फेब्रुवारीस दुपारी इंग्रजांची जहाजे विजयदुर्गाच्या खाडीत शिरली आणि तोफा सुरू झाल्या. तुळाजीचे आरमार किल्ल्याच्या आश्रयाने दाटीवाटीने नांगरलेले होते. एक पेटता गोळा 'रिस्टोरेशन'वर पडला, तेच पूर्वी इंग्रजांकडून पकडलेले जहाज. त्यास आग लागली, ती शेजारच्या गुराबेस लागली, तेथून तिसरीस. आणि बघता बघता कान्होजीच्या काळापासून दोन पिढ्यांनी बांधीत आणलेले आरमार जळून गेले. ज्या जहाजांची निमेनिम वाटणी करण्याचे करारात लिहिले होते, त्यांची राख झाली. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. मराठ्यांच्या हाती तो पडू नये म्हणून क्लाइव्ह आधीच सैन्यासह जमिनीवर उतरला होता. आत सुमारे दहा लाख रुपयांचा ऐवज मिळाला, तो इंग्रजांनी आपल्यात वाटून घेतला. करारात द्रव्य पेशव्याचे होते. तुळाजी मराठ्यांच्या हाती लागला आणि अखेरपर्यंत कैदेत राहिला.

नानासाहेब पेशव्यावर ह्या एका गोष्टीसाठी पुष्कळ लेखकांनी कडक टीका केली आहे. ती न्याय्य आहे. पण सारी जबाबदारी त्याच्या एकट्याच्या माथी मारणे बरोबर नव्हे. १७३३ मध्ये ज्यांनी एकमेकांस नावा दिल्या नाहीत, किंवा दिल्या त्या संशयाने दिल्या, त्यांनीच परक्याच्या घाटाची वाट मळविली होती. मानाजी पोर्तुगीजांकडे गेला, मग तोच इंग्रजांच्या तोफांच्या आडोशास उभा राहिला, मग पेशवा त्याच दारी गेला. प्रत्येकास वाटले की आपले काम झाले म्हणजे नाव परत जाईल. सेखोजीने आपल्या तांडेलासह दहा गुराबा वेळेवर राजपुरीच्या खाडीत आणल्या असत्या आणि बाजीरावाने त्यांचा खर्च व मान मोकळ्या हाताने दिला असता, तर पुढचे बरेचसे टळते. कोळ्यांच्या होडीस जो वाटा मिळतो, तो आंग्र्यांच्या गुराबेस मिळाला नाही, हे ह्या कहाणीचे मूळ आहे. आप्तास नाव द्यावी. आपला माणूस सुकाणूवर ठेवून द्यावी, आणि घेणाऱ्याने नावेचा वाटा आपण होऊन पुढे करावा. एवढ्या साध्या व्यवहाराअभावी घराण्याचे घराणे पाण्यावरून उठले.

वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गाहून गेले ते मद्रासेस, आणि तेथून बंगालात. १७५७ च्या जूनमध्ये प्लासी झाली. विजयदुर्गाचा किल्ला इंग्रज सोडीनात. पुण्याहून पत्रांवर पत्रे गेली, बोलणी झाली, आणि १२ ऑक्टोबर १७५६ च्या तहाने तो पेशव्यांस मिळाला. बदल्यात बाणकोट दहा गावांसह इंग्रजांकडे कायम झाले. पेशव्यांनी विजयदुर्गास स्वतंत्र सुभा केला, नव्या गुराबा बांधावयास घेतल्या आणि आरमार धुळपांकडे सोपविले. हे काम नेटाने चालले. १७८३ च्या एप्रिलात आनंदराव धुळपाने इंग्रजांचे 'रेंजर' हे लढाऊ जहाज झुंजून पकडले. त्या लढाईत मराठ्यांच्या नावा मराठ्यांच्या होत्या आणि तांडेलही मराठ्यांचे होते. सावित्रीच्या मुखावरील बाणकोटास इंग्रजांनी 'फोर्ट व्हिक्टोरिया' असे नाव दिले होते. खाडीतून आत-बाहेर जाणाऱ्या प्रत्येक शिडावर त्याची नजर पडे. ते पेशव्यांस कधीच परत मिळाले नाही.